शांत, खाली कबजो

कारेलीबागेतला तो दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही जून २०१९ मध्ये भाड्यानं घेतला. भाडं महिन्याला १३,००० आणि डिपॉझिट ४०,०००. त्यातले २५,००० चेकनं दिले, १५,००० रोख. कारण दलाल म्हणाला, शेठना थोडे रोख लागतात. नोटा मोजून झाल्यावर मी पावती मागितली. शेठ हसले. "तमे तो घरना माणस कहेवाओ, बेन. रसीद शुं करवी छे?" बडोद्यात जन्म गेलेल्या माणसालाही असल्या गोड गुजरातीपुढे ताठ राहता येत नाही. करारात पूर्ण ४०,००० चा आकडा लिहिलाय ना, मग झालं, अशी मीच माझी समजूत घातली.

करार नेहमीप्रमाणे ११ महिन्यांचा. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून सगळीकडे हा ११ चा आकडा. तो पहिला करार कागदी स्टँपवर होता. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून गुजरातेत कागदी स्टँप बंद झाले, म्हणून २०२० च्या लॉकडाउननंतर केलेला दुसरा करार ई-स्टॅम्पवर. दलालानं तो आपल्या ठेवणीतल्या नमुन्यावरून छापून आणला होता आणि डिपॉझिटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अगाउना करार मुजब'. पहिल्या करारात असेल ते. ठीक आहे, म्हणून सही केली. पहिल्या कराराची मूळ प्रत शेठकडे आणि माझ्याकडे नुसती झेरॉक्स, हे तेव्हा कुणाला आठवतंय! तिसरा करार झालाच नाही. भाडं जात राहिलं, दर सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर शेठचं 'जय श्री कृष्ण' येत राहिलं.

२०२३ च्या फेब्रुवारीत अनोळखी लोक घर बघून जायला लागले. एकदा बँकेचा माणूस टेप घेऊन आला, खोल्या मोजल्या, फोटो काढले. स्वयंपाकघराचा फोटो घेताना सासूबाईंना म्हणाला, "माजी, जरा बाजूला व्हा." त्या झाल्या. एप्रिल उजाडला आणि शेठचा फोन आला, की फ्लॅट विकला, आता भाडं नव्या मालकांना द्यायचं. मी लगेच विचारलं, "आणि डिपॉझिट?"

"ए बधुं सेट थई गयुं छे, बेन."

हे सगळं फोनवर. लिहून काही नाही. नवे मालक पेढ्यांचा पुडा घेऊन येऊन भेटले, यूपीआयचा नंबर दिला, आणि एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने मी त्यांना भाडं पाठवलं. आमच्या घरात तेव्हापासून 'जुना' आणि 'नवा' अशी नावं पडली. ठेवली सासूबाईंनीच. त्यांचा सगळा जन्म दांडिया बाजारच्या वाड्यात गेला. तिथे तीन पिढ्यांत मालकही बदलला नव्हता आणि भाडंही. घर विकलं जातं आणि आतली माणसं तशीच राहतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आमच्या मांजलपूरच्या फ्लॅटचा ताबा दिवाळीत मिळाला. नव्याला महिनाभर आधी मेसेज करून कळवलं. भाऊ म्हणाला, "शेवटचे तीन महिने भाडं देऊ नकोस, डिपॉझिट त्यातच वळतं होईल. सगळे हेच करतात." खरंच सगळे हेच करतात. मी नाही केलं, आणि त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. नवा महिन्याच्या दोन तारखेला भाड्यासाठी फोन करायचा आणि मला नाही म्हणायला जमत नाही, एवढंच.

३० नोव्हेंबरला किल्ल्या दिल्या. त्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढला, लाइटच्या मीटरचा फोटो काढला, शेवटचं बिल भरल्याची पावती ठेवली. हे मात्र शहाणपणाचं झालं. नव्यानं खोल्या फिरून बघितल्या, भिंतीतली खिळ्यांची भोकं मोजली, न्हाणीतल्या बेसिनला गेलेला तडा दाखवला आणि म्हणाला, "डिपॉझिट तो जुना मालिक पासे छे. में तो लीधी ज नथी."

जुन्याला फोन लावला. "में तो किंमतमांथी बाद करी आपी छे, बेन. नवा आपशे."

पुढचे पंधरा दिवस असेच गेले. दोघंही अतिशय नम्र. दोघंही दुसऱ्याचा नंबर देत. शेवटी मी वैतागून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, नाव ठेवलं 'डिपॉझिट', दोघांना आत घेतलं आणि लिहिलं, आता एकमेकांशी बोला. नव्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. जुना चार मिनिटांत ग्रुपमधून बाहेर. दुसऱ्या दिवसापासून 'जय श्री कृष्ण' बंद.

आमच्या भजनी मंडळात एक वकीलकाका आहेत. त्यांची सगळी वकिली जुन्या न्यायमंदिरात झाली, सुरसागराशेजारच्या त्या १८९६ च्या इमारतीत. २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं तेव्हा त्यांनीही कोट काढून ठेवला. नवीन कोर्टात लिफ्ट आहे पण आवाज घुमत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांच्याकडे झेरॉक्सांची पिशवी घेऊन गेले. चहा होईपर्यंत त्यांनी सगळं वाचलं, मग विचारलं, "तू पैसे कुणाकडे मागितलेस?"

"दोघांकडे."

"लेखी?"

"ग्रुपमध्ये."

"एकाचं नाव घेऊन, तुम्हीच देणं लागता, असं कुणाला लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. ते म्हणाले, "उत्तम. लिहूही नकोस."

मग त्यांनी संपत्ती हस्तांतरण कायदा, १८८२, याचं कलम १०९ समजावलं. मी तरी ते पहिल्यांदाच ऐकत होते. भाड्यानं दिलेली मिळकत विकली की मूळ मालकाचे हक्क खरेदीदाराकडे जातात. भाडं मागायचा हक्क त्यातच. पण जबाबदाऱ्यांचं तसं नाही. भाडेकरूची इच्छा असेल तर त्या जबाबदाऱ्या नव्या मालकावर येतात. आणि नुसतं घर विकलं म्हणून जुना मालक सुटत नाही. भाडेकरूनं नव्यालाच जबाबदार धरायचं ठरवलं, तरच तो सुटतो. म्हणजे निवड भाडेकरूची. ती एकदा नव्याच्या बाजूनं केली की जुन्याचा मार्ग मोकळा. म्हणून काकांना धास्ती होती, की मी रागाच्या भरात नव्याला 'आता तुम्हीच माझे मालक, तुम्हीच द्या' असं काही लिहून बसले तर नाही.

"मग मी नव्याला आठ महिने भाडं दिलं ते?"

"भाडं देणं म्हणजे जुन्याला माफी देणं नव्हे. निदान मी तसा वाद घालीन." मग थोडं थांबून म्हणाले, "पण समोरचा वकीलही वाद घालील. डिपॉझिट ही घराबरोबर जाणारी जबाबदारी, की जुन्यानं हातात घेतलेले पैसे, यावर दोन्हीकडून भांडता येतं. म्हणून दोघांना धरून ठेवायचं."

करार संपून अडीच वर्षं झाली होती, त्याची मला धाकधूक होती. त्यावर त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुदत संपल्यावरही मालक भाडं घेत राहिला तर भाडेकरूपण महिन्या-महिन्यानं चालूच राहतं, त्याच कायद्याचं कलम ११६. आणि पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा त्या बाबतीत घाई नाही. मी पेपरात वाचलेला २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा काढला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको आणि ताबा देतानाच परत करायचं, असं आहे. काका म्हणाले, "तो नमुना आहे. राज्य स्वीकारील तेव्हा लागू. तोवर वाचायला छान."

आणि मग म्हणाले, "आधी त्यांचा दस्तावेज काढ."

मला वाटलं, दुसऱ्याच्या खरेदीचा दस्तावेज मला कोण देणार? पण रजिस्टर झालेल्या विक्रीखताची नोंद पुस्तक क्रमांक १ मध्ये असते आणि नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे ते पुस्तक कुणालाही बघता येतं, फी भरून नक्कलही मिळते. अडचण शोधण्याची. नुसता पत्ता सांगून भागत नाही. मौजे म्हणजे गावाचं नाव, सर्व्हे नंबर, टी.पी. म्हणजे नगररचना स्कीम, तिच्यातला फायनल प्लॉट, असं सगळं लागतं. ते सोसायटीच्या सेक्रेटरींनी जुन्या फाइलीतून काढून दिलं. जुना मालक सोसायटीचा मेंटेनन्स थकवून गेला होता, त्यामुळे त्यांनी मदत उत्साहानं केली. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आधी इंडेक्स-२ काढला, त्यावरून दस्ताचा नंबर आणि तारीख मिळाली, मग नकलेसाठी अर्ज. खिडकीतल्या कारकुनानं एकदा विचारलं, "तमारे शुं लागे?" मी म्हटलं, "भाडूआत." त्यानं मान वर करून बघितलं आणि पावती फाडली.

नक्कल हातात आली त्या संध्याकाळी कमाटीबागेच्या बाकावर बसून वाचून काढली. तारीख ३ मार्च २०२३. किंमत पूर्ण चेकनं आणि बँकेच्या कर्जातून चुकती, प्रत्येक चेकचा नंबर दिलेला. वजावट वगैरेचा कुठे शब्द नाही. मिळकतीवर कुठलाही बोजा नाही, कोणी भाडूआत नाही. कसलाही हक्कदावा निघाल्यास विकणारा स्वतःच्या खर्चानं निवारील. आणि पुढे ते वाक्य: 'सदर मिल्कतनो प्रत्यक्ष, खाली अने शांत कबजो तमोने आजरोज सोंपेल छे.' म्हणजे घराचा रिकामा, बिनतक्रार ताबा आज तुम्हाला दिला आहे.

मोबाइलमधल्या पंचांगात तारीख बघितली. ३ मार्च, एकादशी. म्हणजे ज्या दुपारी हा खाली आणि शांत कबजा सोपवला गेला, त्या दुपारी मी त्याच घरात साबुदाण्याची खिचडी परतत होते आणि सासूबाई मोठ्या आवाजात विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या. खाली तर नव्हतंच, शांतही नव्हतं.

काकांनी नक्कल वाचली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. हे वाक्य दस्तावेजाच्या नमुन्यात असतंच, लिहिणारा ते कापायची तसदी घेत नाही, म्हणाले. बँकेलाही रिकामं घर बरं दिसतं. पण आता या एका कागदानं जुन्याचं 'किमतीतून वजा केले' खोटं पडत होतं, आणि नव्याच्या हातात जुन्याविरुद्ध हत्यार होतं, कारण हक्कदाव्याच्या निवारणाची हमी त्यालाच दिलेली होती. फक्त ते आपल्या हातात आहे हे नव्याला माहीत असायला हवं होतं. स्वतःचा दस्तावेज त्यानं वाचला असेल असं काकांना वाटेना.

नोटीस जानेवारीत गेली. दोघांच्या नावे एकच, रजिस्टर्ड ए.डी. ने. मजकूर दीड पानाचा: कधी किती दिले, दुसरा करार पहिल्याच्या आधारानं, घर कधी विकलं, ताबा कधी दिला, आणि कलम १०९ खाली निवडीचा हक्क राखून ठेवून दोघांपैकी ज्याच्याकडे रक्कम आहे त्यानं १५ दिवसांत द्यावी. चेकच्या २५,००० साठी माझं पासबुक होतं. रोख १५,००० चा आधार फक्त त्या झेरॉक्सचा, आणि दलालाचा. दलालाला फोन केला तर तो म्हणाला, "बेन, मने वच्चे ना लावो." काकांनी नोटिशीतच लिहून टाकलं, की मूळ करार तुमच्याकडे आहे, तो हजर करा. मूळ कागद समोरच्याकडे असेल आणि मागूनही तो देत नसेल, तर कोर्ट झेरॉक्सचाही विचार करू शकतं.

नव्याची पोचपावती आठवड्यात आली. जुन्याचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं. मला रडूच आलं. काका म्हणाले, "अगं, हे पोचल्यापेक्षा चांगलं. बरोबर पत्त्यावर रजिस्टर्ड पाठवलेलं आणि नाकारलेलं पाकीट पोचलं असंच धरतात. फोडू नकोस, तसंच ठेव." ते पाकीट अजून माझ्या कपाटात न फोडलेलं आहे.

दावा लावला असता तर वर्षं गेली असती आणि ४०,००० साठी तेवढी हौस नव्हती. काकांनी दुसरा रस्ता दाखवला: जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण. दावा दाखल होण्याआधीच तिथे अर्ज करता येतो, ते दोन्ही बाजूंना बोलावतात आणि जमलं तर प्रकरण लोक अदालतीत मिटवतात. कोर्ट फी नाही. शिवाय १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. मी पगारदार, लॅबमध्ये नोकरीला. फुकटची मदत घ्यायला संकोच वाटत होता. काका म्हणाले, "कायदा संकोच करत नाही, तू कशाला करतेस?" अर्ज, आधार कार्ड, दोन्ही करार, पासबुक, दस्तावेजाची नक्कल, नोटीस, ते बंद पाकीट. एका दुपारीत काम झालं.

पहिल्या तारखेला नवा आला, सोबत मुलगा. कोर्टाच्या आवारातून कागद गेल्यावर माणूस कसा येतो ते बघण्यासारखं असतं. आठ महिने मला 'बेन' म्हणणारा एकदम 'मॅडम' म्हणायला लागला. मी दस्तावेजाची नक्कल त्या मुलासमोर ठेवली आणि हमीच्या कलमावर बोट ठेवलं. मुलानं वाचलं, परत वाचलं, मग वडिलांकडे बघितलं. तेवढ्या एका नजरेनं माझं निम्मं काम झालं. दुसऱ्या तारखेला जुना हजर होता, आणि त्याला मी आणलं नव्हतं, नव्यानं आणलं होतं.

समोर पॅनेलवर एक निवृत्त न्यायाधीश आणि एक वकीलबाई. जुन्यानं पहिल्यांदा म्हटलं, डिपॉझिट २५,००० च होतं. वकीलबाई म्हणाल्या, मग मूळ करार दाखवा. तो सापडत नव्हता. नंतर म्हणाला, मी ती रक्कम नव्याला वळती करून दिली. न्यायाधीशांनी दस्तावेज उलटून विचारलं, "यात तर किंमत पूर्ण मिळाल्याचं तुम्ही लिहून दिलंय. वळती कशातून केली?" जुन्यानं तोंड उघडलं. नव्यानं त्याच्याकडे बघितलं. जुन्यानं तोंड मिटलं. कागदावर न आलेल्या पैशांतून वळती केली, असं तिथे कोण म्हणणार? त्या दोन-तीन सेकंदांत काय काय होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं आणि कुणी काही बोललं नाही.

मग नव्यानं रंगाचे ९,००० मागितले. साडेचार वर्षं वापरलेल्या घराला रंग लागणारच, तो भाडेकरूच्या माथी नाही, असं वकीलबाईंनीच सांगितलं. बेसिन मात्र आमच्याच हातून फुटलं होतं. सासूबाईंच्या हातून तांब्या निसटला होता. मी कबूल केलं. बाहेर आल्यावर त्या माझ्यावर चिडल्या, की तडा आधीच असेल असं म्हणायला काय जात होतं. बेसिनचे ३,५०० धरले. शेवटी ठरलं ते असं: जुन्यानं पूर्ण ४०,००० द्यायचे, त्यातले ३६,५०० मला आणि ३,५०० नव्याला. मी व्याजाची मागणी सोडली. २०,००० चा चेक लगेच, १६,५०० महिनाभरात. मार्च २०२४ च्या राष्ट्रीय लोक अदालतीत तो निवाडा झाला, तिघांच्या सह्या झाल्या. हा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. आणि उरलेले पैसे आले नाहीत तर थेट वसुलीला लावता येतो. ही गोष्ट न्यायाधीशांनी जुन्याला दोनदा समजावली, गुजरातीत.

काकांनी फी घेतली नाही. त्यांना घेऊन आम्ही सेव-उसळ खायला गेलो, तिथे तर्री जास्त पडली म्हणून त्यांनी अर्धी डिश माझ्या मुलाला दिली आणि न्यायमंदिरातल्या जुन्या भाडे-खटल्यांच्या गोष्टी तासभर सांगितल्या. मी मात्र एकच विचारून घेतलं: २०२३ च्या एप्रिलमध्ये मी काय करायला हवं होतं? ते म्हणाले, नव्याचा यूपीआय नंबर आला तेव्हाच सांगायचं, की पहिलं भाडं मिळण्याआधी चार ओळींचं पत्र द्या. घर विकलं, भाडं यापुढे यांना, डिपॉझिट ४०,००० अमुकाकडे, दोघांच्या सह्या. भाड्याची घाई त्यांना होती. त्या एका दिवशी पारडं माझ्या बाजूला होतं.

दुसरा हप्ता जुन्यानं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात देतो म्हणून कळवलं, पण घरी येऊन, चेकनं. आला तेव्हा सासूबाईंनी पाणी विचारलं, तो नको म्हणाला. चेक पुढे करण्याआधी त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर गुजरातीत टाइप केलेलं होतं, की मला पूर्ण रक्कम पोचली, आता काही मागणं नाही.

"रसीद," तो म्हणाला. "रेवन्यू स्टँप लगावजो."

५,००० च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, त्याचं बरोबर होतं. माझ्याकडे नव्हतं. मुलाला सायकलवर पोस्टात पिटाळलं. तो येईपर्यंत वीस मिनिटं आम्ही तिघं हॉलमध्ये गप्प बसलो. तिकीट आलं, मी चिकटवलं, पेन उचललं. सही तिकिटाच्या कडेवरून कागदावर उतरली पाहिजे, हे त्यानंच बोट ठेवून दाखवलं.